ओझार्क प्रदेशातील ट्राउट : नदीची बोली आणि धरणाची बोली

पर्यटनासाठी प्रसिद्ध असलेल्या डोंगराळ प्रदेशांच्या वाट्याला दोन विशेषणे हमखास येतात. तेथील निसर्ग 'अस्पर्श' ठरतो आणि तेथील माणसांची भाषा 'प्राचीन' ठरते. अमेरिकेच्या मध्यभागी असलेल्या ओझार्क ह्या डोंगराळ प्रदेशाला ही दोन्ही विशेषणे गेली शंभर वर्षे मुक्तहस्ताने बहाल करण्यात आली आहेत. तेथील थंडगार पाण्यात गळ टाकून ट्राउट धरणे हा त्या निसर्गाचा सर्वोत्तम आस्वाद समजला जातो, आणि तेथील डोंगरकऱ्यांची इंग्रजी ही शेक्सपियरच्या काळची असल्याचे सांगितले जाते. ह्या दोन्ही समजुती तपासून पाहिल्या असता एकच गोष्ट हाती लागते : ट्राउट मासा ओझार्कचा मूळ रहिवासी नव्हे, आणि तो ज्या थंड पाण्यात राहतो त्या पाण्याचा फार मोठा भाग मनुष्यनिर्मित आहे. ह्या स्थित्यंतराची नोंद तेथील मच्छीमारांच्या शब्दसंग्रहात स्वच्छपणे उमटलेली आहे. ती नोंद वाचणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. प्रदेश आणि त्याचे नाव

ओझार्कमध्ये मिसूरी संस्थानाचा दक्षिण भाग, आर्कान्साचा उत्तर भाग आणि ओक्लाहोमाचा ईशान्य कोपरा एवढ्या मुलखाचा समावेश होतो. कॅन्ससच्या आग्नेय टोकालाही त्याचा किंचित स्पर्श झाला आहे. भूमी मुख्यतः चुनखडीची व डोलोमाइटची. पावसाचे पाणी खडकाच्या फटींतून खाली उतरते, भूगर्भातील पोकळ्यांतून वाहते आणि डोंगराच्या पायथ्याशी प्रचंड झऱ्यांच्या रूपाने पुन्हा प्रकट होते. मिसूरीतील व्हॅन ब्युरेन गावाजवळच्या 'बिग स्प्रिंग' ह्या एकट्या झऱ्यातून दररोज सरासरी पंचवीस कोटी गॅलनांहून अधिक पाणी बाहेर पडते. भूगर्भातून येत असल्यामुळे अशा झऱ्यांच्या पाण्याचे तपमान बाराही महिने सुमारे १४ अंश सेल्सिअस राहते. मात्र ही शीतलता झऱ्यापासून काही मैलांपर्यंतच टिकते. पुढे नदी उन्हाळ्यात तापते, आणि उबदार पाण्यातले मासे तिच्यात सुखाने नांदतात.

'ओझार्क' हे नाव फ्रेंच व्यापाऱ्यांनी मागे ठेवले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. लांबलचक जमातनामांचे पहिले अक्षर तेवढे घेऊन ती नावे उच्चारण्याची त्यांची पद्धत होती. त्यानुसार 'आर्कान्सा' ह्या नावाचे 'आर्क' झाले, आणि 'आर्क लोकांच्या मुलखात' ह्या अर्थी 'ओ आर्क' असा प्रयोग रूढ झाला. फ्रेंचमध्ये ह्या 'ओ'च्या लेखनातील अंत्य व्यंजन एरवी मूक असते. परंतु पुढे स्वर आला की ते 'झ' म्हणून उच्चारले जाते. इंग्रजी भाषकांच्या कानांनी दोन शब्दांमधला हा संधिध्वनी नावाचाच भाग म्हणून स्वीकारला आणि एका सप्तमीवजा पदबंधाचे विशेषनाम बनले. ओझार्कमधील बहुतेक नावांची घडण अशीच कोणाच्या तरी येण्याजाण्याने झालेली आहे. 'करंट' नदीच्या नावामागे 'वाहती नदी' अशा अर्थाचे फ्रेंच नाव आहे. लाँग आयलंडच्या पूर्व भागातून आलेल्या वसाहतकारांनी मागे राहिलेल्या मॉन्टॉकचे नाव मिसूरीतील एका झऱ्याकाठच्या वस्तीला दिले. 'टेनीकोमो' हे सरोवराचे नाव कानाला आदिवासी भाषेतले वाटते. प्रत्यक्षात ते 'टेनी काउंटी, मिसूरी' ह्या टपालपत्त्याच्या संक्षेपांची जुळणी होय.

२. माशाच्या आधी आलेला शब्द

ट्राउटच्या बाबतीत तर आधी शब्द आला आणि मासा नंतर आला. इंग्लंड-स्कॉटलंडमधून अमेरिकेच्या दक्षिण भागात आलेल्या वसाहतकारांना तेथील सखल प्रदेशातल्या उबदार नद्यांत मायदेशी ट्राउट दिसेना. गळाला झोंबणारा, झुंज देणारा आणि चवीला उत्तम असा जो मासा त्यांना आढळला तो 'ब्लॅक बॅस' होता. त्यांनी त्यालाच 'ट्राउट' म्हणण्यास प्रारंभ केला. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लासेपेद ह्याने १८०२ मध्ये कॅरोलायनातून आलेल्या वर्णनावरून ह्या जातीला 'साल्मॉइडीस', म्हणजे 'सामनसदृश', असे जातिवाचक नाव दिले. ज्या माशाचा सामन-ट्राउटच्या कुळाशी संबंध नाही, त्याच्या शास्त्रीय नावात वसाहतकारांचा गैरसमज असा कायमचा कोरला गेला.

ओझार्कमध्ये वस्ती करणारे लोक प्रामुख्याने टेनेसी, केंटकी आणि ॲपलेशियन डोंगरांतून पश्चिमेकडे सरकलेले होते, आणि नामांतरणाची ही खोड त्यांनी सोबत आणली. 'वॉलआय' ह्या माशाला मिसूरी-आर्कान्साच्या नद्यांवर 'जॅक सामन' म्हणत, तोही सामन नसताना. परक्या भूमीत जुना शब्द नव्या वस्तूवर चढविण्याची ही प्रक्रिया भाषाभ्यासकाला परिचित आहे. आपल्याकडे किनाऱ्यालगत वाढणाऱ्या रुंद पानांच्या झाडाला 'बदाम' म्हणतात. खऱ्या बदामाशी त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाते नाही.

मूळ रहिवाशांच्या भाषांनी ह्या पाण्याचे वर्णन अधिक अचूक केले होते. 'मेरामेक' ह्या नदीनामाचा उगम एका अल्गाँक्विन भाषेतील 'कॅटफिश' ह्या अर्थाच्या शब्दात आहे, असे मानले जाते. 'कॅटफिश' म्हणजे मिशाळ, गढूळ व उबदार पाण्यात रमणारा मासा. आज ह्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या झऱ्याभोवती एक ट्राउट-उद्यान आहे. नाव एका माशाचे सांगते आणि पाणी दुसऱ्याचे झाले आहे.

३. माशाचे आगमन

खरा ट्राउट ओझार्कमध्ये पोचला तो १८८० नंतरच्या दशकात, आगगाडीने. कॅलिफोर्नियाच्या मॅक्लाउड नदीवर लिव्हिंगस्टन स्टोन ह्याने १८७२ मध्ये 'बेअर्ड' हे मत्स्यबीज केंद्र स्थापन केले होते. प्रारंभी तेथे सामनची अंडी गोळा होत. थोड्याच वर्षांत त्याच नदीवर रेनबो ट्राउटचीही पैदास सुरू झाली. प्रशांत महासागराला मिळणाऱ्या नद्यांचा हा मासा रेल्वेमार्गांच्या साह्याने देशभर वाटला गेला, आणि ओझार्कमधील झऱ्यांचे थंड पाणी त्याला मानवले. १८८८ मध्ये मिसूरीतील निओशो येथे संघराज्याचे मत्स्यबीज केंद्र उभे राहिले. आज चालू असलेल्या संघीय केंद्रांपैकी ते सर्वांत जुने होय.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मिसूरी संस्थानाने बेनेट स्प्रिंग, मॉन्टॉक व रोअरिंग रिव्हर हे झरे सार्वजनिक उद्यानांसाठी मिळविले. ह्यांपैकी रोअरिंग रिव्हर १९२८ मध्ये टॉमस सेमन ह्या उद्योजकाने विकत घेऊन संस्थानाला दिले. चौथे उद्यान, मेरामेक स्प्रिंगचे, एका खाजगी प्रतिष्ठानाच्या मालकीचे आहे. ह्या चारही ठिकाणी मासे धरून नेण्याचा हंगाम १ मार्चला सुरू होतो व ३१ ऑक्टोबरला संपतो. पहिल्या दिवशी पहाटेच्या थंडीत हजारो माणसे काठावर खांद्याला खांदा लावून उभी असतात. ठरलेल्या वेळी भोंगा वाजतो आणि एकाच क्षणी सर्वांचे गळ पाण्यात पडतात. त्या दिवशी किती लोक येतील ह्याचा अंदाज करून केंद्राने मासे आदल्या रात्रीच प्रवाहात सोडलेले असतात. मत्स्यव्यवस्थापनाच्या परिभाषेत ह्या पद्धतीला 'पुट अँड टेक', म्हणजे 'सोडा आणि न्या', म्हणतात. गळ टाकणारा प्रत्येक जण त्या दिवसापुरता एक 'टॅग' विकत घेतो व तो कपड्यांवर दिसेल असा लावतो. ह्या सोहळ्यात पिढ्यान्‌पिढ्यांची निष्ठा आहे; आजोबांनी नातवाला पहिला ट्राउट येथेच धरावयास शिकविलेला असतो. त्याला कृत्रिम म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. परंतु त्याचे शब्द (टॅग, भोंगा, हंगाम, मर्यादा) हे नदीचे नसून व्यवस्थेचे आहेत, हे ध्यानात घ्यावयास हवे.

४. नदीची जुनी बोली

ह्या व्यवस्थेच्या आधीपासून ओझार्कच्या नद्यांना स्वतःची बोली होती, आणि तिच्यात ट्राउटला स्थान नव्हते. तिचा केंद्रशब्द 'जॉनबोट'. ही सपाट तळाची, लांब व अरुंद लाकडी नाव. खळाळाचे वीतभर पाणीही तिला पुरते, कारण तळाला कणा नसतो. तिच्यातून प्रवाहाबरोबर वाहत जाण्याला 'फ्लोट' म्हणत. ह्यात वल्ही मारण्यापेक्षा दिशा सांभाळण्याचे कौशल्य अधिक. जेम्स नदीवरील गलीना गावापासून व्हाइट नदीवरील ब्रॅन्सन गावापर्यंतचा सुमारे १२५ मैलांचा 'फ्लोट' प्रसिद्ध होता. शहरातले पाहुणे नावेच्या पुढच्या भागात बसत, स्थानिक नावाडी मागच्या टोकाशी राहून नाव वळवी; रात्री नदीकाठच्या गोट्यांच्या पट्ट्यावर तंबू पडे आणि दिवसा धरलेले मासे तेथेच तळले जात. ब्रॅन्सन गावी पोचल्यावर नावा आगगाडीत चढवून पुन्हा गलीना येथे आणीत.

ह्या बोलीत प्रवाहाचा प्रत्येक अवयव वेगळ्या शब्दाने ओळखला जाई : उथळ खळाळ म्हणजे 'शोल', संथ डोह म्हणजे 'एडी', लहान ओहोळ म्हणजे 'ब्रँच', दोन डोंगरांमधली अरुंद खोरी म्हणजे 'हॉलर'. माशांची नावेही पाहून ठेवलेली : बटबटीत डोळ्यांचा 'गॉगल-आय', तांबूस परांचा 'रेडहॉर्स', तळाशी तोंड लावून चरणारा 'सकर'. ह्या सकर माशांसाठी हिवाळ्यात 'गिगिंग' चाले आणि आजही चालते. थंडीने पाणी काचेसारखे नितळ झाले की रात्री नावेच्या टोकाशी दिवा लावावयाचा, तळ न्याहाळीत पुढे सरकावयाचे आणि लांब दांड्याच्या अनेक दाती भाल्याने मासा अचूक टिपावयाचा. पूर्वी दिव्याच्या जागी पाइनच्या राळयुक्त लाकडाचा जाळ असे. सकर माशात बारीक काटे फार. म्हणून त्याला जवळजवळ चिरा देऊन कढत तेलात तळतात, म्हणजे काटे विरून जातात. गिगिंगचे खरे प्रयोजन काठावर पेटविलेल्या शेकोटीभोवती जमणारा शेजार हे असे.

५. धरणाची बोली

१९१३ मध्ये व्हाइट नदीवर पॉवरसाइट धरण बांधले गेले आणि त्याच्या मागे टेनीकोमो सरोवर तयार झाले. परंतु नदीचे रूप पालटले ते पुढील अर्धशतकातील मोठ्या धरणांनी : नॉर्फर्क १९४४ मध्ये पूर्ण झाले, बुल शोल्स १९५१ मध्ये, टेबल रॉक १९५८ मध्ये आणि बीव्हर १९६६ मध्ये. लिटल रेड नदीवर १९६२ मध्ये ग्रीअर्स फेरी धरण उभे राहिले. पूरनियंत्रण व वीज ही त्यांची उद्दिष्टे होती. व्हाइट नदीच्या पुरांनी खालच्या खोऱ्यात वारंवार अनर्थ केलेला असल्यामुळे त्या उद्दिष्टांना लोकांचा पाठिंबाही होता. २ जुलै १९५२ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन ह्यांनी बुल शोल्स व नॉर्फर्क ह्या दोन्ही धरणांचे लोकार्पण केले.

धरणांमुळे ट्राउटचे भाग्य कसे उघडले ते समजण्यासाठी जलाशयाची रचना पाहावी लागते. खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचा थर तापतो, तळाचे पाणी थंड व जड राहते. विजेच्या यंत्रांना पाणी पुरविणारी तोंडे खोल असल्यामुळे बाहेर पडते ते हे तळाचे पाणी. परिणामी ऐन उन्हाळ्यातही धरणाखालचा प्रवाह साधारणतः ७ ते १३ अंश सेल्सिअस एवढा थंड राहतो. ह्या थंडीत स्मॉलमाउथ बॅस आणि गॉगल-आय ह्यांची वाढ व प्रजनन खुंटते, आणि २१ अंशांपुढे धाप लागणाऱ्या ट्राउटला मात्र तेच पाणी स्वर्ग ठरते. देशी मत्स्यसंपत्तीच्या हानीची भरपाई म्हणून संघराज्याने नॉर्फर्क धरणाच्या पायथ्याशी ट्राउटचे मत्स्यबीज केंद्र उघडले. 'भरपाई' ह्या प्रशासकीय शब्दाचा येथील अर्थ विचार करण्याजोगा आहे : जे गेले ते परत देण्यात आले नाही, त्याच्या जागी दुसरे देण्यात आले.

आणि जे दिले गेले ते क्षुल्लक नव्हते. १९९२ च्या मे महिन्यात लिटल रेड नदीत ४० पौंड ४ औंस वजनाचा ब्राउन ट्राउट गळाला लागला. २००९ पर्यंत तो त्या जातीचा जागतिक विक्रम होता. युरोपातून आलेला हा ब्राउन ट्राउट तेथे आता स्वतःची पैदास करतो. रेनबो मात्र मुख्यतः केंद्रांतून सोडलेल्या माशांवरच टिकून आहे.

ह्या नव्या नदीने नवी बोली निर्माण केली. धरणाखालच्या प्रवाहाला 'टेलवॉटर' म्हणतात. तेथे गळ टाकणारा सकाळी आकाशाकडे पाहण्यापूर्वी वीजनिर्मितीचे वेळापत्रक पाहतो. ते ओक्लाहोमातील टल्सा येथील वीज-प्रशासन दररोज प्रसिद्ध करते. बुल शोल्स येथे आठ जनित्रे आहेत. त्यांपैकी किती चालू आहेत त्यावर नदीची खोली ठरते. म्हणून 'दोन युनिट चालू आहेत', 'आज चार आहेत' अशा शब्दांत नदीचे वर्णन होते. निर्मिती थांबली की 'पाणी बंद' आणि सुरू झाली की 'पाणी चालू'. नदीविषयी माणसे नळाविषयी बोलावे तसे बोलतात. दूरच्या शहरांत उन्हाळ्याच्या दुपारी शीतनयंत्रे घरघरू लागली की डोंगरातल्या प्रवाहात पाणी चढते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस पाहता पाहता छातीभर पाण्यात सापडू शकतो; म्हणून निर्मितीपूर्वी धरणावर भोंगा वाजतो, आणि जाणते लोक काठाजवळच्या एखाद्या दगडावर नजर ठेवून असतात. दगड बुडू लागला की बाहेर पडावयाचे. बेनेट स्प्रिंगचा भोंगा पाण्याकडे या म्हणतो, बुल शोल्सचा पाण्यापासून दूर जा म्हणतो.

धरणाच्या बोलीने नदीच्या बोलीतील काही शब्द निराधार करून टाकले. टेबल रॉक जलाशयाने गलीना-ब्रॅन्सन 'फ्लोट'चा मार्ग बुडविला. टेनी काउंटीचे ठाणे असलेले फोरसिथ हे गाव बुल शोल्स जलाशयामुळे उचलून उंचावर न्यावे लागले. 'बुल शोल्स' हे नावच एका खळाळाचे आहे; आज त्या नावाने ओळखले जाते ते शेकडो फूट उंचीच्या भिंतीमागचे निश्चल पाणी. शब्द उरला, त्याचा अर्थ पाण्याखाली गेला.

६. शुद्धतेचा प्रश्न

व्हान्स रँडॉल्फ (१८९२–१९८०) ह्यांनी ओझार्कची लोकभाषा, गीते, कथा व समजुती गोळा करण्यात आयुष्य वेचले. जॉर्ज विल्सन ह्यांच्यासह लिहिलेला त्यांचा लोकभाषेवरील ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे मोठी धरणे उभी राहत होती त्याच काळात. 'हेल्प' ह्या धातूचे 'होल्प' हे भूतकाळी रूप, 'इट' ह्या सर्वनामाचे 'हिट' हे रूप, 'पिशवी' ह्या अर्थी 'पोक' हा शब्द असे जुन्या इंग्रजीशी नाते सांगणारे प्रयोग डोंगरात टिकून होते, ह्यात शंका नाही. तथापि त्यांवरून 'डोंगरकरी एलिझाबेथकालीन इंग्रजी बोलतात' असे जे लोकप्रिय विधान करण्यात आले ते टिकणारे नाही. कोणत्याही बोलीत काही जुनी रूपे तगतात आणि असंख्य नवी रूपे जन्मतात. ओझार्कच्या बोलीत अल्स्टरमधील स्कॉट्स लोकांचा वारसा आहे, ॲपलेशियन डोंगरांतील घडण आहे, फ्रेंचांची व मूळ जमातींची स्थलनामे आहेत. ओसेज लोकांनी १८०८ च्या करारान्वये हा मुलूख सोडण्यापूर्वीचा इतिहास तर तीत फारच थोडा उरला आहे. ती बोली जिवंत होती, म्हणूनच ती मिश्र होती.

माशालाही हाच न्याय लागू पडतो. मिसूरीतील क्रेन क्रीक ह्या छोट्या ओहोळात मॅक्लाउड नदीच्या रेनबोंचे वंशज शतकाहून अधिक काळ केंद्राच्या मदतीवाचून जगत आले आहेत, आणि त्यांचे तेथे कसोशीने रक्षण होते. इकडे ज्या बेअर्ड केंद्रावर त्या वंशाची पैदास प्रथम झाली, त्याची जागा कॅलिफोर्नियातील शास्ता धरणाच्या जलाशयाखाली गेलेली आहे. मूळ ठिकाण बुडाले आणि परक्या ओहोळात वंश टिकला. अशा माशाला 'उपरा' म्हणावे की 'वारसा'? भाषेच्या अभ्यासात उसन्या शब्दाबद्दल जे उत्तर मिळते तेच येथे मिळते : प्रश्न तो कोठून आला हा नसून, तो स्वबळावर रुजला की नाही आणि रुजताना त्याने काय बाजूस सारले, हा आहे.

७. संगमावर

व्हाइट नदीला मिळणाऱ्या बफेलो नदीवरही धरणे योजिलेली होती. १९६२ मध्ये नील कॉम्प्टन ह्यांच्या पुढाकाराने ओझार्क सोसायटी स्थापन झाली आणि प्रदीर्घ वादानंतर १९७२ मध्ये बफेलो ही अमेरिकेतील पहिली 'राष्ट्रीय नदी' म्हणून घोषित झाली. त्याआधी, १९६४ मध्ये, मिसूरीतील करंट व जॅक्स फोर्क ह्या नद्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले होते. ह्या नद्यांवर 'फ्लोट' हा शब्द अजून आपल्या अर्थासह जिवंत आहे. जॉनबोटीच्या जागी बहुधा कॅनू आली आहे. पण गोट्यांच्या पट्ट्यावरचा मुक्काम तोच आहे. करंटच्या उगमाकडील झऱ्यांच्या पाण्यात ट्राउट आणि खाली बॅस, असे दोघेही आपापल्या तपमानानुसार नांदतात. बफेलोत उन्हाळी पाणी उबदार असते, आणि स्मॉलमाउथ बॅस तेथे कोणी न सोडता आढळतो.

बफेलो जेथे व्हाइट नदीला मिळते तेथे उन्हाळ्याच्या दिवशी हात बुडविला तर एका बाजूचे पाणी कोमट लागते आणि दुसऱ्या बाजूचे गारठलेले. कोमट पाणी पावसावर चालते, गार पाणी वेळापत्रकावर. दोन्ही पाण्यांत माणसे मनापासून गळ टाकतात व त्यांचा आनंद सारखाच खरा असतो. परंतु एकीकडे नदीच्या खोलीचा अंदाज 'शोल' आणि 'एडी' ह्या शब्दांनी करतात, दुसरीकडे युनिटांच्या संख्येने. एखाद्या प्रदेशातला निसर्ग किती मूळचा आणि किती घडविलेला, हे तेथील देखाव्यावरून सहसा कळत नाही. तेथील कामकरी माणसे रोजच्या व्यवहारात कोणते शब्द वापरतात ते ऐकावे, म्हणजे पुष्कळसे कळते.